धोट्याचा खो

धोटा साधं बोलला तरी लोकांना भांडण वाटायचं. "चहा घेतोस का?" एवढंच विचारायचा, पण रस्त्यानं जाणारा सायकलवाला दचकून ब्रेक दाबायचा. त्यात त्याचा दोष नव्हता. त्याच्या घरात खाली माग आणि वर माणसं. दिवसभर खटखट. हळू बोलणारा माणूस त्या घरात उपाशीच राहिला असता. आई तेलुगूत ओरडायची, बाप मराठीत, आणि दोघांचं एकमेकांशी छान जमायचं.

नाव त्याचं देवाचं होतं, पण मैदानात त्याला धोटाच म्हणायचे. मागावरचा धोटा जसा या टोकाहून त्या टोकाला सुटतो आणि लगेच परततो, तसा हा दोन खांबांमध्ये पळायचा. कॉलेजच्या खो-खो संघाचा कप्तान होता तो. मी त्याच्याच बापाच्या चादरीच्या कारखान्यात मागावर. माझं गाव करकंब, म्हणून तो मला करकंबच म्हणायचा. माझी शाळा चौथीत संपली. तरी कॉलेजची वर्षं मीही काढली आहेत, आणि कोणाला हे खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. पाळी सुटली की आम्ही दोघं एका सायकलवर मैदान गाठायचो.

सरावाला समोर पळायला चपळ गडी लागतो. तो मी. "आधी करकंबला धरा, मग कपाची बात करा," असं धोटा पोरांना सांगायचा. मला धरताना सगळ्या संघाचा घाम निघायचा. पोरं माझ्या डब्यातली शेंगाचटणी चाटूनपुसून खायची, मी त्यांच्या कँटीनच्या भज्यांवर हात मारायचो. कोण कितवी शिकला हे कुणी काढलं नाही.

मागांच्या आवाजात ओरडूनही भागत नाही, म्हणून आमच्याकडे हात बोलायचे. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. कानाची पाळी ओढली की मालक आले. मूठ हवेत गरागरा फिरवली की बीम, म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, संपत आली, आता कापड उतरेपर्यंत कोणी मागावरून हलायचं नाही. धोटा वर्गातही हेच करायचा. कधी मी आधीच येऊन मैदानाच्या भिंतीवर वाट बघत बसलेलो, तो खिडकीजवळच्या बाकावर. प्राध्यापक फळ्याजवळ शिकवत असायचे आणि हा कानाची पाळी ओढून मला कळवायचा, मालक अजून आतच आहेत.

त्या वर्षी अंतिम सामना आमच्याच मैदानावर आला. आदल्या संध्याकाळी जिमखान्याच्या सरांनी जाहीर केलं की संघाच्या बाकावर फक्त संघच बसेल. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा दोरीच्या पलीकडे."

धोटा पुढे झाला. "सर, करकंब संघात हाय की."

"तो कॉलेजात नाही."

"कॉलेजात न्हाय, पण संघात हाय. त्याच्यामागं पळून पळून आमी शिकलो."

मी म्हणालो, "मला बाकाची हौस न्हाय. मला भिंत हाय."

"तू गप रे. तुला कोण इचारतंय?"

मग त्यानं जो आवाज लावला तो सोडलाच नाही. सर जिमखान्यात गेले, हा मागं. सर फाटकापर्यंत आले, हा मागं. शेवटी सरांच्या दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकवलं. सरांच्या बायकोच म्हणाल्या, "अहो, बसू द्या त्या मुलाला. माझी पूजा राहिलीय." सर म्हणाले, "बसव बाबा. पण तिथं त्यानं तोंड उघडायचं नाही."

सकाळी धोटा मैदानावर आला, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. आवाज पार बसलेला. आईनं हळद-दूध पाजलं होतं, काही फरक नाही. खो-खोत खो खणखणीत द्यावा लागतो, पंचाला ऐकू गेला नाही तर फाऊल. सरांनी कपाळाला हात लावला. माझ्यापायी झालेलं हे. सामना गेला असता तर त्या मैदानावर मी परत पाय ठेवला नसता, हे मी बाकावर बसल्या बसल्याच ठरवून टाकलं.

पळतीला आवाज लागत नाही, तिथं धोट्यानं समोरच्यांना दमवून सोडलं. पाठलागाला मात्र सरांनी त्याला बाहेर ठेवलं. आता शेवटचा पाठलाग उरला होता आणि आम्ही मागं होतो. धोटा माझ्यापुढे येऊन बसला आणि त्याचे हात सुरू झाले. मी उठून उभा राहिलो.

"सर, कप्तान म्हणतोय, मला खांबाजवळ बसवा."

"आणि खो कसा देणार?"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. "म्हणतोय, देणारच न्हाय. मला मिळाला की गडी मीच मारतो."

"हे तो म्हणतोय का तू?"

"माझं चाललं असतं तर मी त्याला घरी झोपवला असता."

सरांनी मान डोलावली. धोट्यानं उठता उठता मूठ फिरवली. "बीम संपत आलीय," मी पोरांना ओरडून सांगितलं. "कापड उतरेपर्यंत कुणी ढिलं पडायचं न्हाय." पोरांना बीम कळली नाही, मूठ कळली.

एकेक गडी पडत गेला आणि आम्ही बरोबरीला आलो. वेळ संपत आली तेव्हा त्यांचा कप्तान तेवढा उरला, उंचापुरा, हुलकावण्या देण्यात पटाईत. पोरांनी त्याला हाकत हाकत खांबाकडे आणला आणि धोट्याच्या पाठीवर खो पडला. धोटा उठला. आता मागं कोणाला खो देण्याची सोय नाही. तो गडी खांबाला वळसा घालून निसटला असं सगळ्यांना वाटलं, तोवर धोट्यानं एका हातानं खांब धरून अंग आडवं झोकून दिलं. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या टाचेला लागली. पंचाची शिट्टी वाजली. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी, आणि ज्यानं जिंकून दिलं तो एकटाच आवाज नसलेला, धुळीत पालथा पडून हसत होता.

फोटोवाल्याला त्यानं हात आडवा करून थांबवलं. मला ओढून मधोमध बसवलं, माझ्या मांडीवर कप ठेवला. सरांना कडेची खुर्ची मिळाली. तो फोटो अजून जिमखान्यात आहे. जाऊन बघा.

पुढे कारखाना त्यानं चालवला आणि मी जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, झालो. भांडणं लई झाली, सगळी हातानंच. मागांनी दोघांचेही कान नेले. आता तो पुण्याला पोराकडे असतो. घरच्यांनी दोघांनाही कानाची मशिनं आणून दिली, दोघांचीही कपाटात आहेत. व्हिडिओ कॉल लावतो आणि हातांनी बोलतो. त्याची सून म्हणते, या दोघांचा फोन चालू असला की घर शांत असतं.

परवा माझ्या नातीचा अंतिम सामना त्याच मैदानावर होता. ती त्याच कॉलेजात शिकते. मी भिंतीवर बसून धोट्याला फोन लावला आणि फोन मैदानाकडे धरला. शेवटच्या मिनिटाला नात पाठलागाला उठली. मी फोनमध्ये बघितलं, धोटा मूठ फिरवत होता. नातीनं खांबावर सूर मारला आणि गडी टिपला. पोरी नाचायला लागल्या.

मी फोन तोंडापुढे घेतला. धोट्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खो म्हणून आरोळी ठोकली. मला काहीच ऐकू आलं नाही. पण त्याच्या मागं स्वयंपाकघरातून सून हातातलं लाटणं घेऊन धावत बाहेर आली, तेव्हा आवाज केवढा होता ते मला बरोबर कळलं.