वरवंड ते शिरूर, जागेपणी

आमच्या वरवंडात म्हातारा माणूस पळताना दिसला तर लोकांना दोनच कारणं सुचतात. एक तर एसटी सुटली, नाहीतर मागं कुत्रं लागलं. म्हाळूआप्पा देवकाते एकसष्टाव्या वर्षी कालव्याच्या भरावावरनं पळायला लागले, तेव्हा पहिले पंधरा दिवस लोकांनी इमानदारीत कुत्रं शोधलं.

कुत्रं सापडेना म्हटल्यावर लिफ्ट सुरू झाली. आपल्याकडं वडीलधारं माणूस पायी दिसलं की गाडी थांबवून ‘बसा’ म्हणायचंच असतं, आणि म्हटलं की त्यानं बसायचंच असतं. नाही बसलं तर ‘आमची गाडी चालंना व्हय?’ इथपर्यंत गोष्ट जाते. दुधाच्या किटल्यांवाले थांबायचे, उसाचे ट्रॅक्टर थांबायचे, एकदा तर मयताला निघालेली जीप थांबली आणि आतल्या माणसांनी सरकून जागा केली.

“न्हाई, पळतोय मी,” आप्पा म्हणायचे.

“कुठं?”

“कुठंच न्हाई.”

हे उत्तर काही कुणाला पटत नव्हतं. शेवटी आप्पांनी ‘डॉक्टरनं सांगितलंय, शुगर हाय’ असं सांगायला सुरुवात केली. रोग म्हटल्यावर गाव निवांत झालं. दोघांनी कारल्याचा रस सुचवला. शुगर आप्पांना कधीच नव्हती.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आप्पांनी मात्र मेंढरू पाहिलं ते दुसऱ्याचं. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत ते प्रेस मशीनवर चोवीस वर्षं होते. आठवडाभर कारेगावच्या खोलीत, सुट्टीला वरवंडला. शाळेत घालताना मास्तरांनी त्या सालच्या सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला करून टाकलेला, त्यामुळं गावातले पाच जण एकाच दिवशी रिटायर झाले आणि सत्काराला एकच केक पुरला.

वरवंड, चौफुला, केडगाव, पारगावचा पूल, न्हावरे, शिरूर. हा रस्ता आप्पांनी चोवीस वर्षं केला आणि चोवीस वर्षं झोपून केला. शिफ्टच्या माणसाचं तसंच असतं. गाडीत बूड टेकलं की डोळा लागतो. चौफुल्याला झोपायचे, शिरूरला कंडक्टरनं खांदा हलवला की उठायचे आणि दुसरी गाडी धरायचे. मधे भीमा नदी लागते हे त्यांना ऐकून माहीत होतं.

सव्वा वर्षापूर्वी नकुशीकाकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, पहाटे धाप लागली. कंपनीच्या कार्डावर चालणारा दवाखाना शिरूरला, म्हणून विक्रमनं, त्यांच्या मुलानं, जीप काढली. मागच्या सीटवर आप्पा आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून काकू. चौफुला आला आणि आप्पांचा डोळा लागला.

शिरूरला विक्रमनं त्यांना हलवून उठवलं. डॉक्टरांनी काकूंना पाहिलं आणि सांगितलं, जाऊन वेळ झालाय, रस्त्यातच. रस्त्यात कुठं, हे कुणालाच सांगता येईना. विक्रमनं आरशात पाहिलं होतं, त्याला वाटलं दोघं झोपलीत.

आप्पा रडले नाहीत. दहाव्याला त्यांनी खुर्च्या मोजून घेतल्या, मोजून परत दिल्या. लोक म्हणाले, म्हाळूआप्पा लई खंबीर. मी तेव्हा त्यांच्याशेजारीच उभा होतो. मंडपवाल्यानं दोनदा हाक मारली तरी त्यांना ती ऐकू गेली नाही, यालाच लोक खंबीर म्हणत असतील तर होते. पुढं महिनोन्महिने तेच. एकदा सुनेनं, प्रतिभानं, ताट उचलताना विचारलं, “मामा, आमटीत मीठच न्हाई पडलं आज. तुम्ही सगळी पिली?”

“व्हय का?” आप्पा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

माझं वरवंडच्या स्टँडवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तिथं गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका रनिंग क्लबचा पोरगा पोस्टर लावून गेला. ‘वरवंड ते शिरूर, पन्नास किलोमीटर.’ सातबाऱ्याची प्रिंट न्यायला आलेले आप्पा त्या पोस्टरपुढं इतका वेळ उभे राहिले की मागचं गिऱ्हाईक वैतागलं.

“ह्याचा फॉर्म भरतो का?” आप्पा म्हणाले.

“विक्रमदादा पळणार?”

“मी.”

मी हसलो. ते हसले नाहीत, मग मीही आवरतं घेतलं.

“आप्पा, पन्नास हाय. पाच न्हाई.”

“रस्ता कुठला हाय माहितीय न्हवं तुला?” ते म्हणाले. “चोवीस वर्सं गेलो त्येच्यावरनं, एक दगड सांगता येत न्हाई. ही त्याच रस्त्यावर गेली, कुठं ते सांगता येत न्हाई. एकदा जागं राहून जायचंय. सगळा.”

“मग चालत जावा की निवांत. रेस कशाला?”

“चालत निघालो तर कुनीबी गाडीत घालंल. छातीवर नंबर असला म्हंजी न्हाई घालणार.”

मी फॉर्म भरायला घेतला. फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा’. आप्पांनी पाठ असलेला नंबर सांगितला. मी टाइप केला आणि त्यांच्याच खिशातला छोटा फोन वाजला, कारण खात्री करायला मी रिंग दिली होती. फोन काकूंचा होता. आप्पांनी तो काढून बघितला, बंद केला. मी विक्रमचा नंबर टाकला.

तयारी सुरू झाली ती कंपनीच्या सेफ्टी शूजवर. पुढं लोखंडी टोपी असलेले, एकेक किलोभराचे बूट. दोन महिन्यांत अंगठ्याची नखं काळी पडली, तरी आप्पांना ते विक्रमनं दाखवल्यावर समजलं. त्यानं आपले जुने स्पोर्ट शूज दिले. पहाटे कालव्यावर दोन किलोमीटर, मग पाच, मग पाटसपर्यंत आणि परत. वाटेत गुऱ्हाळ लागायचं, तिथला गुळव्या मुठीएवढा गरम गूळ कागदात द्यायचा. तो चघळत आप्पा पुढं. कसं वाटतंय विचारलं की एकच उत्तर, “चाललंय.” दिवाळीत तीस किलोमीटर झाले त्या दिवशीही “चाललंय.” गावजेवणाला पंगत वाढतानाही हाच चेहरा असायचा.

एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. रेसला आठ तासांची मुदत होती. मागून एक गाडी येते आणि मुदतीत न बसणाऱ्यांना उचलून शिरूरला नेते, हे मी वाचून दाखवलं होतं.

“म्हंजी गाडीत घालत्यात?”

“व्हय.”

“मग बसवायलाच पायजे आठ तासांत.”

जानेवारीतल्या रविवारी पहाटे साडेपाचला वरवंडच्या चौकात पुण्याची शंभरेक माणसं रंगीत कपड्यांत उड्या मारत होती. आप्पांच्या अंगात पांढरा शर्ट, खाली विक्रमची हाफ पँट, डोक्याला मफलर आणि छातीवर एकशे सतरा नंबर. शेजारच्या चष्मेवाल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, “काका, तुमची स्ट्रॅटेजी काय आज?”

“झोपायचं न्हाई,” आप्पा म्हणाले.

त्या बाईंना तो विनोद वाटला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, आप्पांकडून आणि त्यांच्या जुन्या सोबत्याकडून, बन्सीकडून, ऐकलेलं आहे. केडगावला उजाडलं. पारगावच्या पुलावर आप्पा कठड्याला हात लावून घटकाभर थांबले, नदी बघितली. वाटेतला एकेक दगड, विहीर, पाटी ते मनात बोलत चालले होते, म्हणजे डोळा लागायला नको. पायांची जाणीव तिथंच गेली. न्हावऱ्याला पाच तास झाले होते. वीस किलोमीटर राहिले, तीन तास हातात. पाणी वाटणारी पोरं म्हणाली, “काका, बसतंय आरामात.”

न्हावऱ्याच्या पुढं रस्ता रिकामा झाला. पुढचे पुढं गेले, मागचे दिसेनात. चारेक किलोमीटर गेल्यावर मागून मोटरसायकल आली आणि शेजारी हळू झाली. बन्सी. कारेगावच्या खोलीत आप्पांबरोबर नऊ वर्षं राहिलेला माणूस.

“आप्पा! आरं तिच्यायला, किती दिसांनी! पायी कुठं निघालाय? बसा.”

आणि आप्पा बसले.

कसे बसले ते त्यांना सांगता येत नाही. बन्सीला नंबर दिसला नव्हता, त्यावर मफलर आली होती. बन्सी सांगतो, “मी आपला बोलत व्हतो, पोराचं लग्न जमलं म्हणून. आप्पा मागं ‘हं, हं’ करत व्हते. मंग माझ्या पाठीवर डोकं टेकलं. म्हणलं, ह्यांची जुनीच खोड.”

गतिरोधकाला गाडी उडाली तेव्हा आप्पा जागे झाले. समोर दगड होता, शिरूर बारा. शेवटचा वाचलेला होता सोळाचा.

“थांब,” आप्पा म्हणाले. उतरले. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मग त्यांनी मफलर सोडली, आणि बन्सीला छातीवरचा नंबर दिसला.

“आयला! रेस हाय व्हय? मंग बसलाच कशाला?”

“तू बसा म्हणालास.”

बन्सीनं पुढं मागं बघितलं. “जाऊ द्या. चिटपाखरू न्हाई रस्त्याला. हितनं पळा. कुनी बघितलं न्हाई.”

“मीबी न्हाई बघितलं,” आप्पा म्हणाले. “त्येच तर.”

ते वळले आणि न्हावऱ्याच्या दिशेनं चालायला लागले. बन्सी गाडी वळवून शेजारी आला.

“बरं, मंग बसा तरी. मागं सोडतो.”

आप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं म्हणे की बन्सीनं गाडीच बंद केली. त्यानंच मग विक्रमला फोन लावला. “तुझा बाप उलटा चाललाय,” एवढंच त्याला सांगता आलं.

सोळाच्या दगडापासून थोडं अलीकडं समोरून ती उचलणारी गाडी आली. आतला पोरगा उतरला. “काका, फिनिश तिकडं आहे.”

“माहीत हाय. माझे चार किलोमीटर राह्यलेत हितले. ते करून येतो.”

“काका, मग मुदतीत नाही बसणार. गाडीत बसावं लागेल. नियम आहे.”

“नंबर असला तर?”

“हो.”

आप्पांनी चारी सेफ्टी पिना एकेक करून काढल्या, नंबरात अडकवल्या आणि नंबर त्याच्या हातात दिला. पाच महिने ज्याच्यासाठी कालवा तुडवला तो कागद. मग आप्पा सोळाच्या दगडापर्यंत गेले, दगडाला हात लावला आणि शिरूरकडं तोंड केलं.

मी शिरूरमध्ये शेवटच्या कमानीपाशी होतो. विक्रम मोटरसायकल घेऊन निघून गेला होता. दीडला मुदत संपली, दोनला कमानीतली हवा काढली, अडीचला खुर्च्या गेल्या. तीन वाजून गेल्यावर आप्पा आले. चालतच होते. मागं विक्रम, मोटरसायकल बंद करून हातानं ढकलत. त्यानं बसा म्हटलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

एका बंद दुकानाच्या पायरीवर आप्पा बसले. विक्रमनं खाली बसून त्यांचे बूट काढले. उजवा मोजा रक्तानं चिकटला होता.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“काय म्हाईत,” आप्पा म्हणाले. पायाकडं त्यांनी पाहिलंही नाही.

विक्रम पाण्याची बाटली मोज्यावर ओतत राहिला.

“चौदाच्या दगडाच्या पुढं रस्त्यावर पाणी व्हतं,” आप्पा म्हणाले. “कांद्याच्या वाफ्यातनं येतंय. बन्सीच्या गाडीवरनं त्यातनंच गेलो आसंल, कळलं न्हाई. पायी आलो तवा बूट भिजलं. हिला नेलं तवाबी व्हतं तिथं पाणी. जीप फस्स करून गेली त्यातनं.”

“मला नाही आठवत,” विक्रम म्हणाला.

“गेली. त्यो आवाज ऐकून तिनं मला इचारलं, आवो, मोटर बंद केली का. मी झोपंत व्हय म्हणलं.”

विक्रमनं वर पाहिलं.

“म्हंजी तिथवर व्हती,” आप्पा म्हणाले. “न्हावऱ्यातच गेली असंल, असं धरून चाललो व्हतो मी. तिथवर व्हती. चौदाच्या पुढं.”

समोरून एसटी गेली. तिची धूळ पायरीवर येऊन बसली.

“केली नव्हती मी मोटर बंद,” आप्पा म्हणाले.

“माहितीय,” विक्रम म्हणाला. “त्या दिवशी संध्याकाळी मीच केली. वरचं वावर सगळं तुंबलं होतं.”

“मंग मला का न्हाई बोलला?”

“तुम्ही खुर्च्या मोजत होता, आप्पा,” विक्रम म्हणाला, आणि मोजा हळूहळू सोडवायला लागला.