सावंतांचं बिट

आमच्या चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या कॉलनीत मराठी घरं मोजकी आणि त्या सगळ्यांत ड्रिल मशीन एकच, माझं. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. मशीन परत आलं की त्याच्यासोबत एखादा येतोच. सगळे हसण्यासारखे नसतात.

*

गोखले कार कंपनीत क्वालिटीला. दरवाज्यात केसभर फट दिसली तर अख्खी लाइन थांबवतो. पडद्याच्या रॉडसाठी भोक पाडायचं जाडजूड बिट घेऊन आला. ड्रिलचा चक, म्हणजे बिटची दांडी धरणारा जबडा, तेवढा उघडेचना. पठ्ठ्याने दांडीच कानशीने घासून बारीक केली! तीही वाकडी. भोक असं पडलं की घरमालकीण दारातूनच ओरडली, "एन्ना सार इदु? रॅट-आ?" हे काय, उंदीर का, असं.

"नो आंटी, इंजिनियर!" पूजा म्हणाली.

*

ही पूजा आयटीतली. तिच्याकडे छोटा बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं तोंड षटकोनी आणि बिटची दांडी गोल. बाईंनी टेप गुंडाळून बिट आत कोंबलं. भोक पाडून मशीन ओढलं, तर मशीन हातात आणि बिट भिंतीत!

तिची आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "खुंटी छान आहे गं." आता तिथे पर्स असते.

*

सावंत बँकेतले, आमच्यात वडीलधारे. मेधावहिनींचा ऑपरेशननंतर तोल जायचा, म्हणून बाथरूममध्ये धरायला स्टीलचं हँडल लावायचं होतं. भिंत काँक्रीटची. सावंतांनी चेन्नईतल्या एग्मोरहून दणकट बिट आणलं, पण ते हॅमर मशीनचं, दांडीला खाचा असलेलं. माझ्या चकात ते बसल्यासारखं वाटे आणि जोर दिला की सुटे.

वहिनी भिंतीला धरून बघत होत्या. "अहो, हे माझ्यासारखंच की! उभं राहतं, पण भरवसा नाही."

आम्ही खूप हसलो. गोखलेने हॅमर मशीन रविवारी भाड्याने आणायचं ठरलं. त्या रविवारी गोखलेची शिफ्ट निघाली. पुढच्या रविवारी आम्ही सगळे चेन्नईजवळच्या कोवलमला मासे खायला गेलो. "जा रे, हँडल कुठे पळतंय?" असं वहिनीच म्हणाल्या होत्या.

त्याच आठवड्यात त्या बाथरूममध्ये पडल्या. हॉस्पिटलमधून घरी आल्या नाहीत. त्या माशांचा मला अजून राग येतो.

*

तेरावं झालं. सावंतांनी वहिनींचा फोटो फ्रेम करून आणला. गोखले हॅमर मशीन घेऊन आला. एग्मोरचं बिट त्यात टक्कन बसलं. पूजाने हॉलच्या भिंतीवर फोटो धरला, मी पेन्सिलने खूण केली.

"थांबा," सावंत म्हणाले. आत जाऊन हँडलचं न उघडलेलं खोकं घेऊन आले. "आधी हे."

आम्ही हँडल बसवलं. सावंतांनी ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, मग अंगाचा सगळा भार टाकला. ते जागचं हललं नाही.

मग सावंत बाथरूमच्या दारात आले आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "मेधा, झालं गं."