बांधावरची लाकडं

माझ्या मावसभावाचा, हेमंतचा फोन सकाळी आला, तेव्हा मी आचोळ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून रस्त्यावर साचलेलं पाणी बघत होते. "ताई, आई गेली," तो म्हणाला. "झोपेतच गेली..." आणि मग म्हणाला, "लाकडं सगळी पाण्यात आहेत." दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, दुःखाने पोराचं डोकं फिरलं. मला तसं वाटलं नाही. हिरामावशीच्या घरात कित्येक वर्षं एकच वाद होता: तिच्या सरणासाठी ठेवलेली लाकडं घरापासून किती लांब असावीत. त्या वादाचा निकाल नेमका अशा दिवशी लागायचा होता.

हिरामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. वसईत पापडीच्या पुढे, खाडीच्या बाजूला तिचं घर. मागे केळी-नारळाची वाडी, वाडी संपली की भाताचं शेत आणि शेताच्या टोकाला बांध. बोलायला फटकळ, पण घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायची नाही. आमच्या फ्लॅटवर एकदाच आली, सगळीकडे फिरून बघितलं आणि म्हणाली, "बाय, तुज्या घराला मागचं दारच नाय. मानूस मेला तर काडतात कुटून?" लिफ्टमधून, असं मी म्हटल्यावर खोकला येईपर्यंत हसली. मरणाविषयी ती अशीच बोलायची, बाजारहाटाविषयी बोलावं तशी. तिचे यजमान, आमचे काका, गेल्यापासून.

काका गेले ते श्रावणात. तेव्हाही असाच पाऊस धरला होता. स्मशानातल्या शेडचे पत्रे वाऱ्याने उडालेले, लाकडं भिजून चिंब. तुपाने काही होईना, म्हणून रॉकेल ओतलं, मग कोणीतरी डिझेल आणलं, आणि शेवटी टायर. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मावशी मागच्या दारात उभी राहून खाडीकडून येणारा काळा धूर बघत होती. रबराचा वास घरात शिरला, आमच्या कपड्यांना लागला. ती रडली नाही. तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर ओटीवर बसून मला म्हणाली, "तुज्या काकाला टायरवर जालला... मना नको असा."

पुढच्या उन्हाळ्यात तिने वाडीतला वठलेला आंबा तोडून घेतला, उभं राहून फोडून घेतला आणि मागच्या पडवीत भिंतीला लावून रचला. न्हाणीच्या चुलीला त्यातलं एक ढलपीही लागू दिली नाही. "सगला सुका नाय लागत," ती सांगायची, "खाली सुका असला का वरचा वला पन धरतं."

मग हेमंतचं लग्न झालं आणि सुवर्णा आली. सातिवलीला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला जाणारी, सरळ मनाची मुलगी. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, सकाळी दात घासायला मागे गेले की समोर आईंचं सरण. मी काय करू?" तिचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पोटुशी बाईने रोज उठून ते का बघावं? मावशीनेही तोंडाने वाद घातला नाही. लाकडं विहिरीपाशी गेली. मग अंगणाला लादी बसवताना मिस्त्रीने वाळवीची भीती घातली, म्हणून ती वाडीच्या टोकाला गेली. बारशाला आलेल्या सुवर्णाच्या माहेरच्यांनी तिथेही बघितली, आपसांत कुजबुजले, आणि मग ती थेट बांधावर गेली, निळ्या प्लास्टिकखाली. दर वेळी लाकडं थोडी लांब जायची आणि दर वेळी मावशी थोडी अधिक वाकलेली असायची. मला राग यायचा, पण कोणाचा ते ठरत नव्हतं.

पूर्वी बांधावर पाणी चढत नसे. आता आजूबाजूच्या मिठागरांवर भराव पडले, इमारती उठल्या, आणि पावसाचं पाणी जायला वाटच उरली नाही. मी तिला समजवायला गेले होते की शहरात आता गॅसची दाहिनी आहे, लाकडांचा घोर सोड. "गॅसवर भात करतात," ती म्हणाली आणि नारळ सोलायला लागली.

मावशी गेली त्या दिवशी रिक्षावाल्याने मला अर्ध्या वाटेत सोडलं, पुढे गुडघाभर पाण्यातून गेले. शहराकडचा रस्ता बंद, म्हणजे दाहिनीचा प्रश्नच नव्हता. हेमंत बांधावरून परत येत होता, छातीपर्यंत भिजलेला. हातात काही नव्हतं. त्याने प्लास्टिक उचललं तर बाहेरच्या बाजूला लाकडाची एक रांग, तीही पाण्यात, आणि आत नुसत्या झावळ्या कोंबलेल्या. "कोणीतरी चोरली," तो म्हणाला आणि पायरीवर बसला. "टायरच बघावे लागतील, ताई."

मावशीला खाली घ्यायचं होतं. शेजारच्या दोघांनी तिला जमिनीवर ठेवलं आणि जागा करायला खाट ओढली. खाट हलेना. तिच्याभोवती मावशीने जुनी गोधडी झालरीसारखी सोडलेली होती. खाली नारळ असतात, सगळ्यांच्याच घरी असतात, म्हणून कधी कोणी वाकून बघितलं नव्हतं. सुवर्णाने गोधडी वर केली. आंब्याची लाकडं, पायापासून उशापर्यंत नीट रचलेली, कोरडी ठणठणीत. संध्याकाळी वाडीतला पाचोळा, झावळ्या आणायला मावशी टोपली घेऊन बांधापर्यंत जायची, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं; टोपलीत पाचोळ्याखाली काय येतं, ते नाही. एवढ्या लांब कशाला जातेस, म्हणून हेमंत तिच्यावर ओरडायचासुद्धा.

खाटेच्या उशाकडच्या भिंतीपलीकडे सुवर्णाची खोली. "माझ्या उशाशी होतं, ताई..." ती एवढंच म्हणाली. मग पदर खोचला आणि एकेक लाकूड छातीशी धरून बाहेर द्यायला लागली. बायकांनी सरणाच्या लाकडाला हात लावू नये, असं कोणीतरी बोललं. तिने ऐकलं नाही.

स्मशानात खाली ही सुकी ठेवली, वर बांधावरची ओली. आम्ही दोघी मागच्या दारात उभ्या होतो. धूर पांढरा आला. सुवर्णाने माझा हात धरला होता, इतका घट्ट की बोटं दुखली, आणि ती मोठ्याने रडत होती. मी पण रडले.

महिना उलटून गेला, पाऊस ओसरला. परवा गेले तर मावशीची खोली तशीच होती. सुवर्णा केर काढत होती, खाटेपर्यंत आली आणि थांबली. खाली लाकडांच्या सालींचा भुगा पडलाय, तिथे ती झाडू घालत नाही. मागून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. पुरात पडलेलं आंब्याचं झाड हेमंत फोडत होता आणि पडवीत, पहिल्या जागी, भिंतीला लावून रचत होता. सुवर्णा चहा घेऊन गेली, ढिगातून पुढे आलेलं एक लाकूड हाताने आत सारलं आणि तिथेच त्याच्या शेजारी बसली. लाकडं दोघांपैकी कोणासाठी, ते मी विचारलं नाही.