झाडाचे कान

बाजारहत्नूरजवळच्या माझ्या माहेरच्या गावात पावसाळ्यात पडलेल्या खोडांवर कानासारखी अळंबी उगवते. आमच्या घरात तिला झाडाचे कान म्हणायचे. तपकिरी, पातळ, बाहेरून मखमली आणि हाताला कानाच्या पाळीसारखीच गार, लुसलुशीत. उन्हात वाळवली की आक्रसून काळी कडक होते, पाण्यात टाकली की पुन्हा फुगते. तिला स्वतःची चव नसते. लसूण-तिखटाची चव घेते आणि दाताखाली करकरते.

आई ती वाळवून आदिलाबादला माझ्याकडे पाठवायची. नवऱ्याला फार आवडायची. आमचं किराण्याचं दुकान होतं. दुपारी जेवायला आले की ते आधी विचारत, आज कान आहेत का.

दुसऱ्या लाटेत त्यांना कोरोना झाला. साखर आधीपासून होती, त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं. बरे होऊन घरी आले तेव्हा तोंडाला चव नाही म्हणाले, म्हणून मी कानांची भाजी केली. पोटभर जेवले. पुढे काही दिवसांनी गाल सुजला, डोळा उघडेना. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी ब्लॅक फंगस सांगितलं. डोळा काढला, तरी ते गेले.

तेराव्याला सगळ्यांसमोर नणंद म्हणाली, "तूनंच खाऊ घातली त्याले जंगलातली काळी बुरशी."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते मी सांगितलं. ती बुरशी वेगळी, ती हवेतून नाकात जाते, साखर आणि स्टेरॉइडमुळे वाढते. त्याच पातेल्यातलं मीही जेवले होते. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या हातचं खाईनात. नणंदेकडून डबा यायचा, मी केलेलं तसंच पडून राहायचं. शेवटी मी माहेरी निघून आले.

पावसाळ्यात घरामागच्या पडलेल्या आंब्याच्या खोडावर कान फुटले. पदरात भरून आणले. आई चुलीपाशी होती. तिनं पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"तुयं खरं असन, बाई. पन घरात नको करू."

"काऊन?" मी विचारलं.

ती डाळ ढवळत राहिली. फळीवरचा डबा मी उघडला, तर रिकामा. तिनं घरातले वाळवलेले कानही कधीच फेकून दिले होते, हे मला तेव्हा कळलं. नणंदेचं बोलणं मी पचवलं होतं. हे पचलं नाही.

अंगणात तीन दगड मांडून मी भाजी शिजवली आणि एकटीच खाल्ली. आई दारात उभी होती. मला काही होतं का, ते पाहत होती.