ओटीपी मागणारी सून

ओमानमधल्या सलालाहच्या शाळेत मी बारा वर्षं शिकवतेय. त्या सकाळी मधल्या सुट्टीत शेअर ब्रोकरचं अ‍ॅप उघडेना. दोनदा पासवर्ड टाकून पाहिला. मग बातमी दिसली, नियम मोडल्याबद्दल शेअर बाजाराने त्या ब्रोकरचं काम थांबवलं होतं.

लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मी वर्षापूर्वी मोडली होती आणि सगळे पैसे त्याच ब्रोकरमार्फत शेअर्समध्ये घातले होते. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंत विमा असतो, म्हणून त्याला एफडीच हवी असायची.

शेजारी बसणाऱ्या गणिताच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी समजावलं की शेअर्स ब्रोकरकडे नसतात, आपल्या नावाच्या डिमॅट खात्यात असतात; तो बुडाला तरी ते आपलेच. जरा धीर आला, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या वतीने शेअर्स हलवायचं मुखत्यारपत्र ब्रोकरला दिलंय का?"

दिलं होतं. पुण्यात सुट्टीवर असताना, पेन्सिलने फुल्या मारलेल्या चाळीसेक जागी मी न वाचता सह्या केल्या होत्या. अशा सहीवर ब्रोकरांनी ग्राहकांचे शेअर्स परस्पर गहाण टाकल्याचे प्रकार घडलेत, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या.

डिमॅट सांभाळणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर खातं थेट बघता येत होतं, पण ओटीपी जाणार होता माझ्या भारतातल्या नंबरवर. ते सिम सांगलीला सासूबाईंकडे, एका जुन्या फोनमध्ये. माझ्या फोनचा बॅलन्स संपत आला होता, म्हणून गणिताच्या बाईंच्या फोनवरून सासूबाईंना फोन लावला.

"आई, आत्ता मेसेज आला असेल. त्यातले आकडे वाचा ना."

"ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, असं सुनेनं बजावलंय मला."

"आई, मीच बोलतेय."

"नंबर तिचा नाही. आवाजही तसा वाटत नाही. माझ्या मुलाला फोन करायला सांगा, मग वाचते."

माझा आवाज रडवेला झाला होता, त्यांना कसा ओळखू येणार?

नवरा बंदरावर कामावर होता. उरल्यासुरल्या बॅलन्सवर त्याला फोन लावला आणि एफडी मोडल्यापासूनचं सगळं एका दमात सांगितलं. मागे क्रेनची घरघर ऐकू येत होती.

"सगळी मोडलीस?"

"सगळी."

"आईला सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

पहिल्या ओटीपीची मुदत संपली होती. बाईंच्या फोनवरून पुन्हा लावल्यावर दुसरा सासूबाईंनी एकेक आकडा दोनदा वाचून दाखवला. यादी उघडली. आठ कंपन्या होत्या, मी वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सगळे शेअर्स जागेवर होते. नव्हते ते फक्त आदल्या आठवड्यात विकलेल्या शेअर्सचे पैसे. ते ब्रोकरकडेच अडकले होते. त्यासाठी बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे दावा दाखल केला. कागदपत्रं पाठवता पाठवता वर्ष उलटलं, तेव्हा पैसे मिळाले.

अ‍ॅप बंद पडलं त्या दिवशी संध्याकाळी नवरा रागावला नाही. मी निधीबद्दल सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं, "आणि भाव पडले तर हा निधी भरून देतो?"

"नाही. ब्रोकरने बुडवलं तरच."

त्याने मान हलवली. पुढे भाव खाली गेले की तो काही विचारायचा नाही. मीच घाबरून किती पडले ते आपणहून सांगायचे.