स्मार्ट बोर्डाची पूजा

आता काय सांगू तुम्हाला, बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण सांगलीत एका बोर्डाने माझी जी शोभा केली ती कुठल्या पोरानेही केली नव्हती!

मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण होतं. विषय, वर्गातलं तंत्रज्ञान. आम्ही तीस जण. प्रत्येकाने शिक्षणाधिकारी साहेबांपुढे स्मार्ट बोर्डावर पाच मिनिटं शिकवायचं, ज्याचा पाठ आवडेल त्याच्या शाळेला तो बोर्ड! शिराळ्याकडची आमची शाळा, खडूसुद्धा तुकडे करून वापरतो. निघताना सातवीच्या मुलींना शब्द दिला होता, 'बोर्ड घेऊनच येतो.' मग जीव थाऱ्यावर राहील का? तासाभरात चारदा पाणी प्यालो, पाचदा बाहेर जाऊन आलो.

पहिला नंबर माझाच. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम साहेबांना आणायला खाली गेल्या. म्हटलं, तेवढ्यात हात बसवून घेऊ.

पण नव्या वस्तूला पूजेशिवाय हात लावायचा? आमच्याकडे ट्रॅक्टर आला तरी आधी हार, मग चावी! झेंडूचा जाडजूड हार आणलाच होता. तो बोर्डाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना अडकवून पडद्यावर छान झोका सोडला. वर पंखा गरगरत होता.

त्रिकोण काढायला बोट टेकवलं आणि बोर्ड उधळला! त्रिकोण पुसला, नकाशा आला, नकाशा गेला, बेडकाचं पोट उघडलं!

"आवं पाटील सर, काय दाबलं तुमी?" विट्याचे शिंदे सर ओरडले.

"म्या काय बी दाबलं न्हाई! यंत्रच खराब हाय!"

आता मुख्याध्यापक चिडला की काय करतो? निवेदन लिहितो! 'सदर यंत्र पूर्णतः सदोष असून कंपनीस परत करावे, ही विनंती.' मग सह्यांसाठी हात जोडत फिरलो.

"वाचू तरी द्या की," शिंदे सर म्हणाले.

"वाचताय काय? सही करा!"

साहेब आले. कागद त्यांच्या हातात दिला. मॅडमनी बोर्डाकडे पाहिलं आणि सरळ हार काढला. बोर्ड गपगार!

"सर, पडद्यावरून न दिसणारे किरण फिरतात. मधे काही आलं की बोर्डाला ते बोटच वाटतं. तुमचा एकेक झेंडू वाऱ्याने बटणं दाबत होता."

"पण लेखी तक्रार आली ना," साहेब म्हणाले. "तीस सह्या! आता बोर्ड परतच पाठवावा लागणार."

मला नाही तर नाही, पण कुणाच्याच पोरांना नाही?

"साहेब, कोरा कागद द्या!" उभ्याउभ्या लिहिलं, 'यंत्र निर्दोष आहे. दोष मुख्याध्यापकात आहे.'

बोर्ड वाचला, आणि साहेबांना पाठ आवडला म्हणून गेला शिंदे सरांच्या शाळेला. वाईट वाटलं हो, फार वाटलं. मुलींना तोंड दाखवायचीही लाज वाटत होती.

पण एक सांगू? पहिल्या निवेदनावर सह्या मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते. या दुसऱ्यावर मात्र एकोणतीस मुख्याध्यापकांनी न मागता, रांग लावून सह्या ठोकल्या!