दहा वाजताच्या दोन खाटा

जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात प्रीती कॉम्प्युटर क्लास चालवायची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत क्लासला कुलूप लागलं आणि घरोघरी एकच विचारणा सुरू झाली, जालन्यात ऑक्सिजनची खाट कुठं मिळेल? प्रीतीनं आठवडाभर खपून एक साधं ॲप बनवलं. रोज सकाळ-संध्याकाळ ती आणि तिचा भाऊ मिथुन जालन्याच्या दवाखान्यांना फोन लावायचे आणि रिकाम्या खाटांचा आकडा त्यात भरायचे. बघता बघता नऊशे लोकांनी ते मोबाइलवर घेतलं.

एका दुपारी शेजारच्या पुष्पाबाईंचा फोन आला. "पोरी, तुझ्या मोबाइलवाल्या यादीत दोन खाटा दिसून राह्यल्या. निघू का ह्यांला घेऊन?"

"निघा काकू, जल्दी निघा," प्रीती म्हणाली.

आकडा सकाळी दहाचा होता. जीप पोचली तेव्हा दोन्ही खाटा भरल्या होत्या. पुष्पाबाईंचे नवरे रखमाजी दवाखान्याच्या फाटकातच, जीपमध्ये वारले.

प्रीतीला रडू आलं नाही. संध्याकाळी तिनं नेहमीसारखे आकडे भरले.

चौथ्या दिवशी ॲप मोबाइलच्या ॲप स्टोअरमधून काढून टाकल्याचा मेल आला. कोरोनाची माहिती देणारी ॲप्स फक्त सरकारनं किंवा मान्यताप्राप्त आरोग्यसंस्थेनं टाकायची, चुकीच्या माहितीनं लोकांच्या जिवाला धोका होतो, असं त्यात लिहिलं होतं. खाली कुणाचं नाव नव्हतं.

मिथुन भडकला. "तिकडं बसून त्यांला काय कळतंय, ताई? इथं माणसं मरून राह्यली!"

"नियम बराबर आहे," ती म्हणाली.

तो ऐकेना. तीन दिवस हेलपाटे घालून त्यानं तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याचं सही-शिक्क्याचं पत्र आणलं. "हे धाड. ॲप परत चालू होईल."

तिनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून कपाटात ठेवलं. धाडलं नाही. का, ते ती मिथुनला सांगू शकली नाही. तिचं तिलाही नीट ठाऊक नव्हतं. त्यानंतर लोक तिलाच फोन करायचे. ती आधी दवाखान्याला विचारायची, खाट धरून ठेवायला सांगायची, मगच "निघा" म्हणायची. काहींना खाट मिळाली, काहींना नाही. लाट ओसरेपर्यंत तिचं जेवण, झोप सगळं चालू होतं. फक्त कशाची चव लागत नव्हती.

पुढच्या वर्षी क्लास उघडला. पुष्पाबाई नातीला, संध्याला, घेऊन आल्या. बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तू निघा म्हणलीस म्हणून निघालो. न्हाईतर घरीच बसलो असतो."

हा दिलासा होता की ठपका, ते प्रीतीला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. तिनं फॉर्म पुढं ओढला आणि संध्याला जन्मतारीख विचारली.